मिशी सुटलेला खुनी

शेवटचं रीळ प्रतीसकट जळालं, असं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मूकपटाच्या कंपनीत एकच माणूस खूश होता : मालक.

त्या चित्रपटात एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा छापखान्यात खून होतो. चार रिळं संशय छपाईचे खिळे जुळवणाऱ्या कामगारावर. पाचव्यात कळतं, की पुलाच्या कंत्राटात हात ओले झालेल्या नगराध्यक्षाने बातमी दाबायला संपादकाला मारलं. गावच्या खऱ्या नगराध्यक्षाला ही गोष्ट आधीच झोंबली होती.

"पेंटर, एक पाटी रंगवा," मालक म्हणाला. "‘खुनी तो कामगारच.’ मूकपट आहे, पाटी म्हणेल ते खरं."

पेंटर चित्रपटांतल्या पाट्या रंगवायचा. जळालेलं रीळ त्याच्या बायकोने जोडलं होतं. गेल्या थंडीत ती न्यूमोनियाने गेली. तिचं शेवटचं काम खोटं पाडणारी पाटी रंगवायला त्याचा हात धजेना. "उद्या बघू," म्हणून तो तडक जोडकामाच्या खोलीत गेला. तिथे आता त्याची मेहुणी काम करायची.

"ताईने कधी काही फेकलंय का, भाऊजी?" तिने कपाटावरून एक पिशवी ओढली. "तुम्हालासुद्धा सांभाळलंच की इतकी वर्षं."

पिशवीत नापसंत तुकडे होते. त्यांत नगराध्यक्ष बोटांची शाई धूत कबुली देतो, तो प्रसंगही निघाला. पण ऐन कबुलीत नटाची चिकटवलेली मिशी एका बाजूने सुटली होती.

"लोक खो खो हसतील, भाऊजी."

"हसू देत. हसलेला माणूस विसरत नाही."

दोघांनी त्या तुकड्यांतून शेवटचं रीळ पुन्हा उभं केलं. मालकाने ते पाहून कपाळावर हात मारला. "अहो, नगराध्यक्ष थिएटरला कुलूप ठोकेल!"

"कशाबद्दल?" पेंटर म्हणाला. "ही मिशी माझीच, असं तो चारचौघांत सांगणार?"

मालकाला इतकं हसू आलं, की ठसकाच लागला. "लावा," तो कसाबसा म्हणाला. "पाटी राहू द्या."

शुक्रवारी थिएटर भरलं. मिशी लोंबली तशी माणसं बाकांवर हात आपटून हसली, आणि बाहेर पडताना पुलाबद्दल बोलत गेली. नगराध्यक्षाकडून चकार शब्द आला नाही.

फक्त कबुलीच्या आधी एका जोडापाशी चित्र उडी मारतं. पेंटरच्या बायकोने ते कसं जमवलं असतं, हे त्याला आणि मेहुणीला, दोघांनाही ठाऊक नाही. तो जोड अजून तसाच आहे.