'ख' ठिकाणचा जिना

या, सज्जनहो, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट हळू आवाजात सांगण्यासारखी आहे, मागे ऐकू जायची नाही. एका जिन्याची गोष्ट सांगतो. त्या जिन्यात भूत नव्हतं की चोर नव्हता. जे होतं त्याला रंग नव्हता, वास नव्हता. आणि ज्यांना ते ठाऊक होतं ती माणसं भली होती, शिकलेली होती, आणि गप्प होती.

उत्तर स्वीडनमधलं, आखाताच्या काठचं गाव. मार्च उजाडला तरी बंदरातला बर्फ हटलेला नव्हता, जहाजांना वाट फोडून द्यावी लागत होती. गावच्या विद्यापीठात परिषद भरली होती, 'टिकाऊ उद्योग आणि माणसाचं काम' या विषयावर. सकाळपासून भाषणं चालली होती. कोळसा गेला, आता लाकडाच्या भुशाच्या कांड्या जाळून गावं ऊबदार ठेवायची. आभाळ निवळलं, धरती सुखावली. त्यात खोटं काहीच नव्हतं. मग इल्वा नोरबी ही संशोधक बोलायला उभी राहिली आणि सभागृहातली ऊब कमी झाल्यासारखं वाटलं.

"ताज्या कांड्यांचा ढीग कोठारात पडला की तो जणू श्वास घेऊ लागतो," ती म्हणाली. "हवेतला प्राणवायू ओढतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. कोठाराला कुलूप असतं, तिथे कुणी शिरत नाही. पण 'ख' या ठिकाणी शेजारच्या बंद जिन्यातही हा वायू झिरपलेला सापडला. कांड्यांचं जहाज येऊन रिकामं झालं की पुढचे काही दिवस तो जिना जीवघेणा असतो."

मागे पडद्यावर वायूचं प्रमाण दाखवणारी एक लाल रेघ वर चढत गेली.

'ख' म्हणजे कोणतं गाव, हे इल्वाने सांगितलं नाही. सांगायचं नसतंच. तिने चार गावांच्या उष्णता केंद्रांत, म्हणजे कांड्या जाळून गावभर ऊब पुरवणाऱ्या कारखान्यांत, मोजमाप केलं होतं आणि कुणाचंही नाव उघड करणार नाही असा शब्द दिला होता. नियम चांगल्या मनानेच केलेला होता, बरं का! संशोधकाशी मोकळं बोलणाऱ्या कामगारावर वरिष्ठांचा राग निघू नये, म्हणून. 'ख' च्या व्यवस्थापनाला तिने रीतसर कळवलं होतं. 'उन्हाळ्याच्या दुरुस्तीत पंखा बसवू,' असं उत्तरही आलं होतं. आपलं काम झालं, असं तिने मानलं.

तिसऱ्या रांगेत रुने बसला होता. याच गावच्या उष्णता केंद्रातला, कामगारांनी आपल्या सुरक्षेवर लक्ष ठेवायला निवडून दिलेला माणूस. ती लाल रेघ बघून तो हळहळत होता.

कॉफीच्या सुट्टीत तो दालचिनीचा पाव हातात घेऊन इल्वापाशी आला. "काय गं, अंगावर काटा आणलास! त्या 'ख' वाल्यांना कुणी सांगितलं की नाही?"

"व्यवस्थापनाला माहीत आहे," इल्वा कपात बघत म्हणाली. "पुढच्या वर्षी लेख छापून येईल."

"लेख! जिन्यात उभं राहून वाचायचा वाटतं त्यांनी?" रुने आपल्याच बोलण्यावर हसला. "आपलं नशीब बरं. तू आमच्याकडेही आली होतीस की, त्या हवा मोजायच्या डब्या भिंतीला लावून. काही असतं तर तू बोलली असतीस, नाही का?"

इल्वा कपातली कॉफी ढवळत राहिली.

"दुपारी तुम्ही सगळे पाहुणे केंद्र बघायला येणार ना? परवाच जहाज रिकामं झालंय, जिन्यावर नुसता भुसा. आमची राइली म्हणते, 'एवढे प्रोफेसर येणार, घसरले तर उचलायचे कुणी? मी झाडून काढते.' लागलीही असेल एव्हाना कामाला."

घंटा वाजली. रुने पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून आत गेला.

सज्जनहो, इल्वाने तिथेच त्याची बाही धरायला हवी होती. पण तिचे पाय वळले ते विभागप्रमुखाकडे. हेनिंग त्याचं नाव.

"हेनिंग, 'ख' मध्ये आत्ता कुणीतरी जिना झाडायला उतरलं आहे."

हेनिंगचा चेहरा उतरला. तोही काही दगड नव्हता. "नक्की माहीत आहे? दार उघडं ठेवलं असेल. हवा खेळत असेल." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे बघ इल्वा, भर परिषदेत नाव फुटलं तर उद्या एकही कारखाना आपल्याला दार उघडणार नाही. हे सत्र संपू दे. मग मी व्यवस्थापनाशी बोलतो, नीट, शांतपणे."

नीट, शांतपणे! किती गोड शब्द आहेत हे. माणूस बुडत असताना काठावर असेच शब्द ऐकू येतात.

इल्वा आत जाऊन बसली. शेजारी म्हातारी गुनवोर होती, आयुष्यभर कामगारांची छाती तपासलेली डॉक्टर. व्यासपीठावर कुणी जर्मन पाहुणा बोलत होता. इल्वाच्या कानात शब्द शिरत नव्हते. जिन्यातल्या दिव्याखाली झाडू फिरतोय, एवढंच तिला दिसत होतं. आधी डोकं जड होईल. मग वाटेल, थोडं टेकावं पायरीवर. टेकलं की संपलं.

"गुनवोर," ती कुजबुजली, "समजा, नाव न सांगण्याचा शब्द दिलाय, आणि..."

"नाव कुणासाठी झाकायचं असतं गं?" गुनवोरने समोर बघतच विचारलं.

"कामगारासाठी. त्याचं नुकसान होऊ नये म्हणून."

"मग झाकल्यानेच तो मरत असेल, तर तू कुणाला जपते आहेस?" आता ती वळली. इल्वाचा रंग बघून तिला कळायचं ते कळलं. तिने इल्वाचं मनगट घट्ट धरलं. "देवाने वाचा दिली ती काय आभार मानायलाच? ऊठ पोरी! ऊठ!"

या लोकांत बोलणाऱ्याला मध्येच तोडणं म्हणजे देवळात चपला घालून शिरण्यासारखं. इल्वा उठली. खुर्ची मागे आपटली. शेकडो माना वळल्या.

"रुने! 'ख' म्हणजे तुमचं केंद्र! तो जिना तुमचा आहे! राइलीला बाहेर काढा!"

मग रुने रांगेतल्या माणसांचे गुडघे तुडवत, फोन कानाला लावत दाराकडे धावला. राइली फोन उचलत नव्हती. त्याने तिच्या सोबत्याला गाठलं.

"खाली गेली ती अजून आली नाही," सोबती म्हणाला. "हाक मारली तर ओ देत नाही. थांब, बघून येतो."

"पाऊल टाकू नकोस!" रुने ओरडला. "वरचं दार सताड उघड आणि तिथेच थांब! अग्निशमनवाल्यांना बोलाव, हवेच्या नळकांड्या घेऊन या म्हणावं!"

सोबत्याने जिन्यावर टाकलेलं पाऊल मागे घेतलं. तो वाचला, तो त्या एका ओरडण्याने.

राइली सर्वांत खालच्या पायरीवर बसलेली सापडली, भिंतीला डोकं टेकून, झोप लागल्यासारखी. गाल गुलाबी होते. त्या वायूची ती खूणच.

ती जगली. पण जगली म्हणजे काय, ते ऐका. इस्पितळात लेक उशाशी बसली, तेव्हा राइली तिच्याकडे नम्रपणे बघून हसली, जशी आपण गाडीत अनोळखी बाईकडे बघून हसतो. लेकीचं नाव तिला एखाद्या सकाळी सापडतं, दुपारी पुन्हा हरवतं.

इस्पितळाच्या बाहेर रुने इल्वाला भेटला. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "कॉफी पिताना तू माझ्या समोर उभी होतीस," एवढंच म्हणाला आणि गेला.

इल्वाने गुनवोरला विचारलं, "सुट्टीतच बोलले असते तर?"

गुनवोरने तिला खोटा दिलासा दिला नाही. "फरक पडला असता," ती म्हणाली. मग तिला जवळ घेतलं.

त्यानंतर इल्वा बदलली. आता ती कुठेही मोजमाप करते, तर धोका दिसताच आधी कामगारांच्या जेवणघरात जाते, सगळ्यांसमोर उभी राहते आणि सांगते. परिषद नंतर, लेख त्याहून नंतर. हेनिंगने करारात कलम घातलं: जिवाला धोका असेल तिथे मौन लागू नाही.

तेव्हा नागरिकहो, बोध एवढाच. नाव झाका, पण धोका झाकू नका! आपणही कुणी कचेरीत, कुणी कारखान्यात, कुणी शाळेत असं काही जाणून असतो आणि म्हणतो, वरच्यांना कळवलंय, माझं काम झालं. ज्याच्या डोक्यावर संकट आहे त्याला कळेपर्यंत कुणाचंच काम झालेलं नसतं. आणि ही पृथ्वी वाचवण्याचं पुण्यकर्म करताना, तिच्यावर झाडू मारणारं माणूस हिशेबातून गळलं, तर ते पुण्य देवापर्यंत पोचत नाही.

आता उठण्याआधी एक मागणं आहे. आज घरी देवापुढे दिवा लावाल, तेव्हा राइलीचं नाव घ्या. तिला स्वतःला ते रोज आठवतंच असं नाही. तिच्या वतीने आपण आठवू या.