ग्राझमध्ये समुद्र नाही

मोलोच्या चर्चची दुपारची घंटा थांबली की फेलिसा मैद्याचा गोळा घेऊन बसायची आणि युरोपात घर शोधायला निघायची.

हात इथंच असायचे. पाऱ्या लाटायच्या, चौकोनी कापायच्या, पीठ भुरभुरून एकीवर एक रचायच्या. मोलोचं सूप, खिमा भरलेल्या पाऱ्या सोडलेलं, फिलिपिन्सच्या त्या इलोइलो शहरात घरोघरी होतं, पण पारी हवी तर फेलिसाचीच, उजेडाला धरली तर पलीकडचा माणूस दिसावा अशी. मन मात्र लाटण्याबरोबर पुढे पुढे सरकत समुद्र ओलांडून जायचं. लिस्बनच्या घराला तिनं निळं दार लावलं होतं. नेपल्सला या बाल्कनीतून त्या बाल्कनीत दोरी बांधून धुणं वाळत घातलं होतं. बर्गेनला पाऊस फार, म्हणून तिथं खिडकीशी खुर्ची टाकली होती. आणि तिथं सुकी मासळी मिळते हे कळल्यावर तर बर्गेनचा मुक्काम बराच लांबला. प्रत्येक घराला एवढं हवंच: खिडकीतून समुद्र, हाकेच्या अंतरावर चर्च आणि दोन खाटा. एक तिची, एक मारिव्हिकची.

मारिव्हिक तिची एकुलती लेक, व्हिएन्नात एका वृद्धाश्रमात नर्स. पहिल्या हिवाळ्यात ती फोनवर नुसती रडायची. काय बोलावं ते न सुचून फेलिसा एकदा म्हणाली होती, "बरं इंदाय, माझ्या बाळी, रडणं जरा बाजूला ठेव. मला सांग, आपण दोघींनी तिकडे घर केलं, तर कुठल्या गावात करायचं?" पोरगी नाक ओढत हसली. तेव्हापासून दर रविवारी हा खेळ. लेकीनं गावं सुचवायची, आईनं ठेवायची नाहीतर खोडायची.

शेजारची मनांग पुरिंग, म्हणजे पुरिंगताई, वयानं थोरली आणि जिभेनं त्याहून थोरली. ती कुंपणावरून डोकावायची.

"काय गं फेली, आज मुक्काम कुठं?"

"क्रोएशियात, मनांग."

"अगं बाई! परवा तर स्पेनमध्ये होतीस. घरमालकानं हाकललं की काय?"

"तिथं ऊन फार."

"आणि इथं काय बर्फ पडतोय? जाशील तेव्हा माझ्यासाठी एखादा म्हातारा बघून ठेव. दात असलेला बघ. बिनदाताचा इथंही मिळतो."

दोघी हसायच्या. मग पुरिंगच्या घरातून नातवंडांचा कालवा उठायचा, ती शिव्या घालत आत पळायची, आणि फेलिसाकडे उरायचं भिंतीवरचं घड्याळ. तिचा नवरा रोदेल जहाजावर फिटर होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. सूप ती अजूनही मोठ्या पातेल्यातच करायची. लहान पातेल्यात चव उतरत नाही, असं म्हणायची.

मग एका रविवारी खेळ खरा झाला.

"मा, नीट ऐक," मारिव्हिक म्हणाली. "इथली नोकरी संपतेय. मला दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक त्रिएस्तेहून. समुद्र अगदी दारात, मा. दोन खोल्या देतायत, तुला आणता येईल. दुसरं ग्राझहून."

"ग्राझ? ते डोंगरातलं? ते तर आपण केव्हाच खोडलंय."

"तू खोडलंस."

"समुद्र नाही तिथं. आणि नाव घेताना जीभ दाताखाली येते."

मारिव्हिक हसली नाही. "पुढच्या रविवारी सांग. पण आता खरं सांगायचं हं, मा. तू येणार असशील तर मी त्रिएस्तेला हो म्हणते."

तो आठवडा फेलिसानं त्रिएस्तेत काढला. पण हे घर इतर घरांसारखं ऐकेना. सकाळी मारिव्हिक कामावर निघायची, दार लागायचं, जिन्यावरची पावलं उतरत उतरत विरून जायची. मग दिवसभर खिडकी, खिडकीत समुद्र, आणि समुद्राला तिची भाषा येत नव्हती. कुंपण नव्हतं, कुंपणावरून कुणी विचारत नव्हतं. तरी रात्री लेक घरी यायची. टेबलावर दोन वाट्या मांडल्या जायच्या. इथं तर रात्रीही एकच. त्या दुसऱ्या वाटीवर तिनं सगळं तोललं आणि ठरवलं, जायचं. रोदेलची बॅग माळ्यावरून काढून उन्हात टाकली.

पुरिंगनं बॅग पाहिली. "म्हणजे खरंच?"

"खरंच, मनांग."

"जा बाई. मी काय, दुसऱ्या कुणाचं तरी डोकं खाईन," ती म्हणाली आणि आत गेली. रोज धाडकन आपटणारं फाटक त्या दिवशी तिनं हातानं हळू लावलं.

रविवारी व्हिडिओ फोन आला तेव्हा फेलिसा भाजलेली केळी खात होती. तिकडे सकाळ होती, मारिव्हिकचा नाश्ता चालला होता. फोन तिनं कशाला तरी टेकवून ठेवला होता. फेलिसानं तोंड उघडलं, "इंदाय, मी ठरवलंय," आणि तेवढ्यात तिकडे कुठंतरी घंटी वाजली.

"थांब हं, मा! खालच्या मजल्यावरच्या आजीची घंटी, पडली वाटतं. आलेच," असं म्हणत घास टाकून ती धावली.

जेवता जेवता कुणी घराबाहेर पडलं, तर मागं राहिलेल्यांनी आपापली ताटली एकदा गोल फिरवायची, म्हणजे गेलेलं माणूस सुखरूप परततं. मोलोत हे कुणी शिकवत नाही. चालायला येतं तसंच येतं. रोदेलला बंदरावर न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजायचा, तो अर्ध्या जेवणावरून उठायचा, आणि फेलिसाची बोटं आपोआप ताटलीच्या कडेला जायची. आताही गेली. केळ्यांची ताटली तिनं फिरवली.

आणि फोनमध्येही एक ताटली फिरली.

टेबलाच्या कोपऱ्यात तिची नुसती कड दिसत होती. बाजूनं एक हात आला. पुरुषाचा, गोरा, दणकट. एक नख काळं पडलेलं, मनगटावर लाकडाचा भुसा. त्यानं ताटली धरली आणि हळूहळू, पूर्ण एक फेरा फिरवली, आई बघत असताना पोरानं फिरवावी तशी, चुकू नये म्हणून जपून. मग हात मागे गेला. रिकाम्या खुर्चीमागे कुणीतरी दबक्या आवाजात खोकलं.

फेलिसा बघत राहिली. हे त्याला कुणी शिकवलं, ते विचारायची गरज नव्हती. कितीदा उठून गेली असेल तिची पोर त्या टेबलावरून, आणि कितीदा फिरली असेल ती ताटली.

मारिव्हिक धापा टाकत परतली. "काही नाही, आजी बरी आहे. बोल, मा. काय ठरवलंस?"

फेलिसानं केळ्याचा तुकडा उगाच चावला. मग म्हणाली, "ग्राझ."

"काय?"

"ग्राझला जा. तो तिथलाच ना? सुतार आहे वाटतं."

मारिव्हिकचा चेहरा लालबुंद झाला. "तुला कुणी... मी सांगणारच होते, मा."

"कधीपासून चाललंय?"

"तू ग्राझ पहिल्यांदा खोडलंस ना, त्याच्याही आधीपासून."

"आणि मी मेली दर खेपेला खोडतेय! बोलायचं नाहीस?"

"तिथं समुद्र नाही, मा."

"जन्मभर समुद्रच बघितला मी. न्यायचं ते त्यानं नेलं. आता पुरे."

"मग तूही ये ना ग्राझला." लेक म्हणाली मनापासूनच, पण त्याआधी एक श्वास गेला. फेलिसानं तो ऐकला.

"मला थंडी सोसत नाही."

"मागच्या महिन्यात बर्गेनला निघाली होतीस!"

"ते मैदा लाटताना. तेव्हा अंगात ऊब असते. आता त्याला पुढं आण बघू, किती वेळ कोपऱ्यात बसवशील? पाठ अवघडली असेल बिचाऱ्याची."

तो पुढं आला. नाव फ्लोरियान. मोडक्यातोडक्या इलोंगोत, तिच्याच बोलीत, त्यानं तिला 'आई' म्हटलं आणि पुढचं विसरला. फेलिसा पोटभर हसली. फोन बंद होईपर्यंत हसली.

मग उन्हातली बॅग उचलून तिनं पुन्हा माळ्यावर चढवली.

संध्याकाळी पाऱ्या लाटता लाटता ती ग्राझला गेली. तिथं बर्फ पडत होता. तिनं घराला लाकडी दार लावलं, खिडकीत दिवा ठेवला, टेबल मांडलं. टेबलाशी मारिव्हिकला बसवलं, समोर त्याला. स्वतःसाठी खुर्ची शोधली. खोलीत जागा होती, पण खुर्ची ठेवायला हात पुढे होईना. म्हणून ती बाहेर बर्फात, खिडकीशी उभी राहिली. आत दोघं कशावरून तरी हसत होती. काचेतून आवाज येत नव्हता. वाफा दिसत होत्या, सुपाच्या वाट्यांवरून.

सूप गरम आहे एवढं बघितलं आणि ती वळली. मोलोतल्या घरापर्यंतची वाट लांब होती, आणि हातातलं पीठ संपलं होतं.