रडणाऱ्या बाईची दुसरी भूमिका

गाणारी बाई पहिल्याच सिनेमात अशी रडली की लोक थिएटरातून उठायचं विसरले. उभं आयुष्य तिनं गाण्यात घातलं होतं, पण रस्त्यात थांबवून हात हातात घेणारी माणसं तिला मिळाली ती त्या एका रडण्यामुळे. आईच्या खाटेशी बसलेल्या मुलीला कळतं की आई गेली. ती आधी चादर नीट करते आणि मग फुटते. प्रसंग एवढाच. बक्षिसं त्याला, मुलाखतीही त्यावरच.

त्यात अभिनय नव्हता, हे फक्त तिला, तिच्या नवऱ्याला आणि दिग्दर्शकाला ठाऊक होतं. त्या सकाळी तिची आई दवाखान्यात खरोखरच गेली होती. नवऱ्यानं फोन केला तो दिग्दर्शकाला. दिग्दर्शकानं कॅमेरा सुरू करायला लावला, मग तिच्या कानाशी वाकून सांगितलं. चादर नीट केली ती तिच्या हातांनी, तिनं नव्हे. पुढे कौतुकाचा पूर आला आणि ती गप्प बसली.

गाणं शाबूत असतं तर तिनं सिनेमाचं नावही काढलं नसतं. पण घसा बसला तो बसलाच. घशाचे डॉक्टर म्हणाले, "स्वरयंत्राला इजा झालीय. गाणं बंद. कायमचं की काही काळ, ते आत्ता नाही सांगता येणार." ठरलेले कार्यक्रम एकेक करून रद्द झाले. तिचे कार्यक्रम जुळवणं हेच नवऱ्याचं काम, त्यामुळे तोही दिवसभर घरात. दोघं एकमेकांची नजर चुकवत वावरत होते.

सिनेमे मात्र दाराशी उभे होते. एकात ती विधवा, दुसऱ्यात मुलगा हरवलेली आई, तिसऱ्यात ती स्वतःच मरणार.

"सगळ्यांना तू रडायला हवीस," नवरा म्हणाला. "घे ना त्यातलं एखादं."

तिनं न्हाणीघराचं दार लावून आरशासमोर करून पाहिलं. आई आठवली, तिचे सुजलेले पाय आठवले, स्वतःला चिमटेही काढले. चेहरा शिंक अडकल्यासारखा वाकडा झाला, डोळे कोरडे ठणठणीत. सही करायची आणि सेटवर जाऊन हे तोंड दाखवायचं?

मग पहिल्या दिग्दर्शकाचा निरोप आला. आजारी मुलीची आई. "मुलीच्या कामाला तुझ्याच पोरीला घेऊ," तो फोनवर म्हणाला. "मग तुला काही करावंच लागणार नाही." नवरा खूश. तिची नऊ वर्षांची बबडी तर घरभर नाचली.

तिनं कुणाला न सांगता एक शेवटची धडपड केली. एक म्हातारी दिग्दर्शिका विनोदी सिनेमा करत होती, त्यात भाडेकरूंशी भांडणारी घरमालकीण होती. एका शाळेच्या रिकाम्या सभागृहात, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांसमोर, तिनं ओळी वाचल्या. संपल्यावर दिग्दर्शिकेनं चष्मा डोक्यावर सरकवला.

"बाई, तुम्ही भांडताय कुठे? गाताय. प्रत्येक वाक्य अलगद समेवर आणून ठेवताय."

"पुन्हा वाचू?"

"चारदा वाचलंत. ही बाई तुम्हाला नाही जमायची."

"माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही हो."

"ते दिसतंय मला. पण तेवढ्यावर भूमिका देत नाहीत."

घरी येऊन चपला काढायच्या आधीच ती नवऱ्याला म्हणाली, "त्याला हो सांग."

दोन दिवसांनी दिग्दर्शक घरी आला. नवरा त्याच्या मागेपुढे करत होता. ती चहा ठेवायला आत गेली. कप घेऊन वळली तर बाहेर दिग्दर्शक बबडीजवळ जमिनीवर मांडी घालून बसलेला. आवाज अगदी मऊ.

"समज, आई आत गेलीय. तू हाक मारलीस. ती बोलली नाही. पुन्हा मारलीस. तू आत गेलीस तर ती खाली पडलेली..."

बबडीचा खालचा ओठ थरथरायला लागला होता. तो वाकून तिच्या कानाशी आला, तसाच, अगदी तसाच.

"उठा," ती म्हणाली. आवाज फाटला, तरी ऐकू गेला.

नवरा गडबडला. "अगं, तो नुसता बघत होता, पोरीला जमतंय का."

"जमतंय. म्हणूनच उठा."

दिग्दर्शक शांतपणे उभा राहिला. "माझ्याशिवाय तू पडद्यावर काय आहेस, ठाऊक आहे?"

ठाऊक होतं. तीच तर रडकथा होती. तिनं दार उघडून धरलं आणि तो निघून गेला. बबडी आईच्या पोटाला घट्ट मिठी मारून मनसोक्त रडली. नवरा खुर्चीत बसून राहिला. मग म्हणाला, "आता काय करायचं?" "त्या दिवशी फोन मला करायला हवा होतास," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या सभागृहात गेली. "घरमालकीण नको. उरलेलं काहीही द्या."

उरली होती खिडकीतून डोकावणारी शेजारीण. चार वाक्यं. तेवढ्यासाठी दिवस गेला. कुणी हसलं नाही. कॅमेरामननं तर उघड सुस्कारा टाकला. सिनेमा आला तेव्हा एका वर्तमानपत्रानं लिहिलं की पहिल्या सिनेमातला चमत्कार दिग्दर्शकाचा होता, बाईंचा नव्हे. नवऱ्यानं पेपर घडी करून गादीखाली सारला. तिनं तो शोधून वाचला. खोटं काय होतं त्यात?

नवऱ्यानं एका दुकानात नोकरी धरली. घसा सुधारला नाही. विधवा, हरवलेली मुलं, सगळ्या भूमिका दुसऱ्या बायकांकडे गेल्या. मग एका दुपारी म्हाताऱ्या दिग्दर्शिकेचा फोन आला.

"बसमधली कंडक्टर आहे. सात-आठ वाक्यं. चांगलं कराल असं नाही, पण शेजारणीपेक्षा बरं कराल."

"येते," ती म्हणाली.

बबडी ऐकत होती. "आई, तू वाईट काम करतेस?"

"सध्या तरी," ती म्हणाली आणि तिला समोर बसवून तिकीट विचारायला लागली.