रुखवतातल्या अंतरपाटाखालून

मी एक सर्व्हो बोलतोय. नाव ऐकून डोळ्यांसमोर काही आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. काडेपेटीहून लहान निळी डबी, आत एवढीशी मोटर आणि नायलॉनची दातेरी चाकं, बाहेर तीन वायरींची शेपटी, एवढाच माझा संसार. मोटर म्हटलं की लोकांना पंखा आठवतो, गिरणी आठवते. मला तसं गरागरा फिरता येत नाही. सांगितलं तेवढं वळायचं, अर्ध्या वर्तुळाशी थांबायचं, आणि पुन्हा सांगितलं की परत यायचं. सरकारी नोकरीत मी शोभलो असतो.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला ठाऊक नाही. पाकिटावर छापलेलं होतं, पण मी पाकिटाच्या आत होतो.

मला विकत घेतलं निकितानं. तेव्हा ती नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होती आणि मैत्रिणींबरोबर खेळण्यातलं विमान बनवत होती. त्या विमानाच्या पंखाची पट्टी वर-खाली करायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्याच उड्डाणात विमान गंगापूर धरणाच्या बाजूला एका द्राक्षबागेत शिरलं आणि तारांत अडकलं. बागवाल्यानं आम्हाला काढून दिलं, वर चार द्राक्षंही दिली. ती मुलींनी खाल्ली. मग माझी रवानगी बिस्किटाच्या डब्यात झाली. तिथे एक बंद पडलेलं घड्याळ होतं आणि बरेच स्क्रू होते. स्क्रू फारसे बोलत नाहीत.

डबा उघडला तो निकिताचं लग्न ठरल्यावर. मुलगा तिच्याच कंपनीतला, पेठकडचा, ललित नावाचा. हल्ली रुखवत भाड्यानंही मिळतं. सकाळी टेम्पोतून येतं, संध्याकाळी परत जातं. निकिता म्हणाली, भाड्याचं नको, आपण घरी करू आणि ते हलतं करू. तिची आई सिंधुबाई लगेच तयार झाल्या. सिंधुबाई अंबडच्या एका कारखान्यात विजेची बटणं जुळवतात. निकिता शाळेत असतानाच तिचे वडील रंगनाथराव गेले, तेव्हापासून घर त्यांच्याच पगारावर चाललं.

बेत असा होता : एका फळीवर लग्नाचा छोटा मांडव, त्यात कापडी नवरा-नवरी आणि दोघांमध्ये अंतरपाट. मांडवात लपवलेल्या छोट्या स्पीकरमधून 'शुभमंगल सावधान' असा आवाज आला की अंतरपाट सरळ खाली उतरायचा आणि फळीतल्या फटीत गडप व्हायचा. जरा वेळानं पुन्हा वर. फळीखाली मी.

गोम अशी होती, की मी वळतो आणि अंतरपाटाला उतरायचं होतं. आधी त्यांनी माझ्या दांड्याला तार बांधली आणि तारेला पडदा. मी वळलो तसा पडदाही वळला आणि जाता जाता नवरदेवाचा फेटा उडवून गेला. मग निकितानं जुन्या कॉम्प्युटरच्या सीडीचा ट्रे फोडून त्यातली दातेरी पट्टी आणि चाक काढलं. चाक माझ्यावर बसवलं, पट्टी त्याला उभी टेकवली. आता चाक वळलं की पट्टी सरळ खाली जाई. पण चाक पडलं लहान. माझ्या अर्ध्या वर्तुळात पट्टी जेमतेम सरकायची आणि पडदा नवऱ्याच्या नाकाशी येऊन थांबायचा.

"हा तर नुसता डोळं वटारून बघतोय," सिंधुबाई म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की शेजारच्यांनी दार वाजवलं.

मग मोठं चाक आणि त्याला जुळणारी पट्टी अ‍ॅक्रिलिकमध्ये कापून आणली. आता सिंधुबाईंची चूक. त्यांनी अंतरपाटाला जरीचं कापड लावलं, तेही दुहेरी. ते उचलताना माझा जीव कासावीस झाला. शेवटी मलमलीचा तुकडा आला, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक आलं, आणि पडदा पाण्यासारखा उतरला. मला अभिमान वाटला. सांगायला संकोच कसला!

त्याच आठवड्यात सटाण्याहून कलाबाई आल्या. कलाबाई म्हणजे रंगनाथरावांच्या थोरल्या बहीण, निकिताच्या आत्या. बाई मायाळू, पिशवीभर कांदे, तूप, निकिताला पैठणी, सगळं घेऊन आल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "सिंधू, कन्यादान आमी दोघं करू. तू बोहल्यापाशी नको येऊस. तुला कळतंच की."

"का नको?" निकितानं विचारलं.

"का म्हंजे? विधवा बाईनं तिथं उभं राहू नाय. मी काय माझ्या मनचं सांगते का?"

"आत्या, मग मीच नाही उभी राहत."

"राहू दे गं," सिंधुबाई मध्येच म्हणाल्या. "बरं वन्सं."

कलाबाई झोपायला गेल्यावर निकिता आईवर चिडली. सिंधुबाई माझ्या खालचा स्क्रू पिळत होत्या. त्या म्हणाल्या, "उद्या तुमच्या दोघांत काही झालं, तर माझ्यावर येईल. म्हणतील, ही उभी होती म्हणून झालं. मला तो बोल नको. नायतर मला काय हवं होतं? अंतरपाट खाली झाला की तुझं तोंड बघायचं होतं. बास तेवढंच." आणि त्यांनी स्क्रू गरजेपेक्षा जास्त पिळला. मला दुखलं, पण बोलण्याची वेळ नव्हती.

लग्न गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर होतं. रुखवताचं टेबल मांडवाच्या कडेला होतं, माझ्या एका बाजूला लोकरीचा ससा आणि दुसऱ्या बाजूला साखरेचा नारळ. सिंधुबाई त्यांच्या ठरल्या जागी, स्वयंपाकाच्या बाजूला पानं मोजत होत्या. पण गर्दी सगळी माझ्यापाशी. 'सावधान' झालं की पडदा उतरे आणि बायका "अगं बाई!" म्हणत. माणसांचं एक बघितलंय, तीच गोष्ट पुन्हा होताना बघायला ती दुसऱ्यांना हात धरून आणतात.

कलाबाईंना तर भरून आलं. "माझ्या भावाची लेक," त्या म्हणाल्या आणि हातातल्या अक्षता त्यांनी बाहुल्यांवर टाकल्या, ओंजळभर. त्यांचं बघून बाकीच्यांनी टाकल्या. कुंकवात घोळलेले लाल तांदूळ फळीवर नाचले, घरंगळले आणि फटीतून खाली येऊ लागले. पहिले काही माझ्या अंगावरून ओघळून गेले. एक चाकाच्या आणि पट्टीच्या दातांमध्ये शिरला.

पडदा वर होता, तिथेच राहिला. मी जोर लावला. तांदूळही कच्चा नव्हता. मला हुकूम खाली जाण्याचा, जाता येईना, आणि हुकूम पुरा होईपर्यंत सोडायचं नाही हा माझा स्वभाव. मी घूंघूं करत तापलो. आतल्या एका चाकाचा दात तुटल्याचं मला स्पष्ट कळलं. वर आवाज मात्र चालूच होता : 'शुभमंगल सावधान'. थोड्या वेळानं पुन्हा, 'शुभमंगल सावधान'. पडदा ढिम्म.

बायका पुढे वाकून बघू लागल्या. कलाबाई रागावल्या किंवा घाबरल्या की त्यांच्या तोंडी सटाण्याची बोली येते. "हाई चांगलं नही शे!" त्या ओरडल्या. "इथला अंतरपाट पडंना, मग तिथलं काय? तरी मी म्हनत होते. हिचा हात लागला ना याला!"

तेवढ्यात ललितची आई फुलाबाई रुखवत बघायला येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ऐकलं. कोणीतरी सिंधुबाईंनाही बोलवायला गेलं होतं. त्या पदराला हात पुसत आल्या तेव्हा 'हिचा हात लागला' हे शब्द हवेतच होते. मला खालून तोंडं दिसत नाहीत. पण त्यांची पावलं थांबली ते मला कळलं. मला फार वाईट वाटलं, आणि माझ्याच्यानं हलवत नव्हतं.

सिंधुबाईंनी आधी विजेची पिन काढली. मग अख्खा मांडव उलटा केला. नवरा-नवरी डोक्यावर लोंबकळली, कापडी भटजी गळून पडले. खालचे स्क्रू सोडवून त्यांनी पदराची सेफ्टी पिन काढली आणि दातांमधला तो लाल दाणा अलगद बाहेर ओढला. मग मांडव सरळ केला आणि विजेची पिन परत लावली. 'सावधान', आणि मी उतरलो, जरा लंगडत.

सिंधुबाईंनी दाणा कलाबाईंच्या तळहातावर ठेवला. "वन्सं, तुमचा आशीर्वाद अडकला होता मधी."

पहिल्या हसल्या त्या फुलाबाई. मग सगळ्याच. कलाबाई हसल्या नाहीत. "बरं, झालं ना," त्या पुटपुटल्या. "मुहूर्त होत आला. तू जा मागं, पानांकडं बघ."

"नाय वन्सं," सिंधुबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बोल लागू नये म्हणून मी लांब राहणार होते. बोल तर लावलाच तुम्ही, लगीन लागायच्या आधीच. मग आता लांब राहून मला काय मिळायचंय?"

फुलाबाई म्हणाल्या, "चला विहीणबाई, माझ्याबरोबर चला. भटजी खोळंबलेत."

जाता जाता सिंधुबाईंनी माझी पिन पुन्हा काढली, नाहीतर माझ्या 'सावधान'नं तिकडे लोकांनी भलत्या वेळी अक्षता टाकल्या असत्या. "दमला असशील. पड जरा," असं त्या मला म्हणाल्या. विमानाच्या दिवसांपासून माझ्याशी थेट कोणी बोललं नव्हतं.

त्यामुळे खरं लग्न मी अंधारात ऐकलं. मंगलाष्टकं संपली, 'सावधान' झालं, ताशा वाजला. पुढचं मला नंतर आइस्क्रीम खात उभ्या असलेल्या दोन बायकांकडून कळलं. अंतरपाटाचं एक टोक निकिताच्या मामांनी, कोंडाजींनी धरलं होतं आणि दुसरं सिंधुबाईंनी. पडदा खाली झाला तेव्हा निकितानं आधी नवऱ्याकडे बघायचं सोडून आईकडे बघितलं. ललित हार घेऊन थांबून राहिला. त्या बायकांना ते विचित्र वाटलं. मला नाही वाटलं.

रुखवत निकिताबरोबर सासरी गेलं, पण माझा तुटका दात त्रास देऊ लागला. पडदा मध्येच दचके. म्हणून निकितानं मला काढून माहेरी आणलं आणि माझ्या जागी पितळी दातांचा दुसरा सर्व्हो बसवला. तो माझ्यापेक्षा ताकदवान आहे. मला आवडत नाही. मी आता सिंधुबाईंच्या टेबलावर उघडा पडलोय, झाकण बाजूला, वायरी मोकळ्या. दुरुस्त होईन असं वाटत नाही.

काल टेबलावरचा फोन वाजला. सिंधुबाईंचे हात कामात होते, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. कलाबाई होत्या. त्यांच्या लेकीचं, तृप्तीचं लग्न ठरलंय. "तसाच अंतरपाट आम्हालाबी करून दे," त्या म्हणाल्या. "फक्त त्या फटीला जाळी लाव."

"लावते. पण वन्सं, मी लग्नात उभी कुठं राहू?"

मग कलाबाई म्हणाल्या, "बोहल्यापाशीच राहा. ऐन वेळी बिघडलं, तर कोन बघनार?"

सिंधुबाई "बरं" म्हणाल्या, फोन ठेवला आणि जाळीचा तुकडा शोधायला उठल्या.

मला आता निरोप घ्यायला हवा. एवढीच विनंती, की माझ्यासारखं काही तुमच्या घरात अडलं, तर ते कोणाच्या हातानं अडलं, कोणाच्या पायगुणानं अडलं, हे विचारत बसू नका. खालचे स्क्रू काढा आणि आत बघा.