सात ठिपके

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा मे महिना होता. पिपरी मेघेच्या माळावर भागाबाई एका आडव्या भिंतीजवळ उकिडवी बसली होती. बाजारात मडकं वाजवून घ्यावं, तशी ती भिंत बोटाच्या पेराने वाजवून बघत होती.

"काय म्हनते भिंत?" तिच्या नवऱ्याने, कवडूने विचारलं.

"कच्ची हाय. आज राहू द्या जी."

"सात ठिपके हायेत ना वं! तूच टाकले."

त्या माळावर चाळीस क्वार्टर उठत होते, पण वीट म्हणून नव्हती. भिंती जमिनीवर साच्यात ओतायच्या, आठवडाभर पाणी पाजून पिकवायच्या आणि साखळीच्या कप्पीने उचलून उभ्या करायच्या. जाणारे-येणारे सायकली थांबवून बघत. "पापडावानी घरं लाटून राह्यले, बाप्पा!"

पाणी पाजायचं काम भागाबाईचं. लिहिणं तिला येत नव्हतं. संध्याकाळी पाणी मारून झालं की भिंतीच्या कोपऱ्यात ती काडीने डांबराचा एक ठिपका देई. सात भरले की कवडूची टोळी ती भिंत उचले. ओव्हरसियर प्रभाकररावसुद्धा वही मिटून ठिपकेच मोजत. वर्षभरात एक भिंत तडकली नव्हती.

मग ऊन तापलं. प्रभाकररावांनी सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी मारायला लावलं. "दोन्ही वेळेचा ठिपका टाकत जा, म्हणजे पाणी पडलं की नाही ते मला कळेल." भागाबाईने टाकले. ठिपके चौथ्या दिवशीच सात भरू लागले, आणि सातावर उचलायची सवय मात्र तशीच राहिली. टोळीत कोणाच्या ध्यानात आलं नाही. प्रभाकरराव तर खूष.

"काम कसं पळतंय बघ! नागपूरचे साहेब विचारतात, काय जादू केली?"

"दोनदा पानी देल्लं म्हून गहू निम्म्या दिवसांत निंगते का जी?"

"गहू नव्हे, सिमेंट आहे ते. आता तू इंजिनियर झालीस का?"

सगळे हसले. भागाबाईही हसली. ते आपलं हसणं तिला पुढे फार वर्षं आठवत राहिलं.

"टोळी उभी हाय," आता त्या कच्च्या भिंतीपाशी कवडू म्हणाला. "त्याइले काय सांगू? माही बायको भिंतीसंग बोलते?"

आणखी एकदा म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती उठली आणि बाजूला झाली.

भिंत कमरेएवढी उचलली गेली. साखळीच्या आकड्यापाशी कोपरा ओल्या गुळासारखा सुटला आणि सगळं ओझं कवडूच्या उजव्या पायावर आलं.

तिसऱ्या दिवशी नागपूरचे साहेब चौकशीला आले. "हे ठिपके कोणाचे?"

"माहे हायेत जी."

"दिवसाला किती टाकायचीस?"

"दोन."

"दोन टाकायला कोणी सांगितलं?"

भागाबाईने प्रभाकररावांकडे पाहिलं. ते वहीची पानं उलटत होते.

"सांगनाऱ्यानं सांगतलं," ती म्हणाली. "हात माहा होता. अन् भिंत कच्ची वाजून राह्यली, थेबी मले मालूम होतं."

प्रभाकरराव हिंगणघाटला बदलून गेले. तिथे त्यांनी विटांचीच कामं घेतली, म्हणतात. कवडूचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. घरी बसून तो दोर वळायचा. भिंतीचा विषय त्याने कधी काढला नाही. पंच्याऐंशी साली तो गेला.

भागाबाई त्याच क्वार्टरांमध्ये धुणीभांडी करू लागली. एका दिवाळीला तिथल्या एका घरच्या मंदाबाई म्हणाल्या, "कितीदा चुना मारला, तरी हे काळे डाग वर येतातच. कशाचे गं?"

भागाबाईने डाग मोजले. सात. तिने बोटाच्या पेराने भिंत वाजवली आणि कान लावला. खणखणीत वाजली.

"आता पिकली, बाई," ती म्हणाली, आणि चहाचा कप घेऊन बाहेर उन्हात जाऊन बसली.