बारा नंबरची किंमत

नांदगावच्या शाळेच्या मुलींनी बास्केटबॉलचा जिल्ह्याचा कप आणला, त्याला बावीस वर्षं झाली. नम्रता त्या टीममध्ये होती. होती म्हणजे काय, तर बाकावर. बारा नंबरचा शर्ट तिने हौसेने घातला, पण सामन्यात तो कधी घामाने भिजला नाही. आता ती ओरोसला सरकारी कचेरीत होती, आणि टीमचा विषय निघाला की चहाचं निमित्त करून उठायची.

यंदा कॅप्टन सायमाच्या डोक्यात खूळ शिरलं. मोबाइलवर लोक खेळाडू निवडून काल्पनिक टीम लावतात, तशी आपण आपल्याच बारा जणींतून लावू. प्रत्येकीला शंभर पॉइंट, त्यात पाच खेळाडू घ्यायच्या. कुणाची किंमत किती, ते तेव्हा टीमला शिकवणारे परशुराम सर ठरवणार. याद्या रविवारी सरांच्या घरी जमून बघायच्या.

सरांची यादी शर्टाच्या नंबराप्रमाणे आली. नम्रताने अकरापर्यंत वाचली आणि थांबली. आपली किंमत बघून जिवाला घोर कशाला लावायचा? सायमासकट चार तगड्या आणि एक स्वस्तातली घेऊन तिने शंभर पुरे केले. रविवारी सरांकडे जायचं ती टाळणारच होती, पण सरांचा फोन आला आणि त्यांना नाही म्हणायची तिची छाती झाली नाही.

सरांच्या पडवीत याद्या शेजारी शेजारी मांडल्या. सायमाच्या यादीत नम्रता. अक्षयाच्या यादीत नम्रता. यशोदाच्याही. क्षणभर तिला गुदगुल्या झाल्या, मग मन खट्टू झालं. पॉइंट संपले की भरतीला स्वस्तातली एक घ्यावीच लागते, तिनेही तेच केलं होतं.

पण मग अक्षयाने सायमाला का वगळलं? आणि सायमाने स्वतःलाही घेतलं नव्हतं. तिघींच्या यादीत बाकीच्या चौघी हलक्याच. नम्रताने सरांचा कागद ओढला आणि शेवटची ओळ वाचली. बारा नंबर, चाळीस पॉइंट. सायमाचे पंचवीस होते.

"सर, हे चुकलंय," ती म्हणाली.

"चुकला ता तेव्हा," सर म्हणाले. "रोज सांजेक सरावात ह्या खेळणाऱ्या पाच जणींका तू आडवलंस, म्हणान ह्यो शिकल्यो. सामन्यात मात्र तुका बाकावर बसवलंय. ती माझी चूक, गो."

सायमा म्हणाली, तुझ्या हाताखालून चेंडू काढता आला की सामन्यात समोरची टीम काहीच वाटायची नाही. अक्षयाने मान डोलावली. बावीस वर्षं उरात अडकलेलं काहीतरी सुटलं आणि नम्रताचे डोळे भरून आले. सरांचे किती उपकार मानू असं तिला झालं.

सरांनी चष्मा लावून तिची यादी वाचली, दोनदा वाचली.

"सगळ्यांत कच्ची टीम तुझी," ते म्हणाले. "हेच्यात नम्रता नाय."

तिने पेन मागितलं. दोन तगड्या खोडल्या, खाली आणखी एक स्वस्तातली घेतली आणि सगळ्यांत वर स्वतःचं नाव लिहिलं.