तुर्कियाला विकलेली लेक

उवांच्या तापानं हमामाची दोन मुलं आठ दिवसांत नेली, आणि नवव्या दिवशी तिसरीचं, पाच वर्षांच्या नेज्माचं अंग तापलं. हमामानं लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. महायुद्धात इटालियनांनी लिबियातल्या आम्हा ज्यूंना जादोच्या ज्या छावणीत कोंडलं होतं, तिथे डॉक्टर यायचा, तो दारातूनच डोकावून जायचा. नवऱ्याला इटालियनांनी रस्त्याच्या कामावर कुठे नेलं होतं, ते धड कुणी सांगत नव्हतं. उरला होता तो एकच उपाय, आमच्या आज्या-पणज्या करत आलेल्या. लेकरू विकायचं.

हसू नका. आम्हा बेनगाझीच्या ज्यू बायकांत हे चालतं. जिची मुलं टिकत नाहीत ती आपलं आजारी लेकरू अशा बाईला विकते, जिची सगळी मुलं जिवंत आहेत. सौदा खरा लागतो, चांगली घासाघीस करून केलेला. मग मरणाचा दूत हमामाची लेक शोधत आला, तरी त्याला हमामाची लेक सापडतच नाही. ती दुसरीची झालेली असते.

आता त्या बराकीत सगळी मुलं जिवंत असलेल्या बायका दोनच. एक राहमिना, ती स्वतःच तापानं आडवी झालेली. आणि दुसरी तुर्किया. कपाळ! चार महिने या दोघींमधून विस्तव जात नव्हता. बराकीत तीस कुटुंबं, मधे चादरी टांगून केलेल्या भिंती. तुर्कियाची चादर रोज वीतभर हमामाच्या अंगावर सरकायची आणि रोज दोघी बराक डोक्यावर घ्यायच्या. पण लेकरापुढे ताठा कसला? हमामा चादरीजवळ गेली.

"तुर्किया, लेक विकायचीय."

मग चादर बाजूला झाली. तुर्किया उंचीपुरी बाई, बेनगाझीत घरोघर कापड विकत फिरलेली. सौद्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"बघू दे आधी," ती म्हणाली. तिनं नेज्माचे दंड चाचपले, डोळे पाहिले. "नुसती हाडं! वर ताप. हिचा मी एक चमचा देईन. जस्ताचा."

"चमचा? माझ्या लेकीचा चमचा? जीभ झडो तुझी!"

"मग जा राहमिनाकडे. ती बिचारी शुद्धीवर आली तर देईल काहीतरी."

"चमचा आणि मूठभर मीठ."

"चिमूटभर."

"मूठभर! पोट दुखून जन्म दिलाय, दुकानातून उचलून आणली नाही."

आजूबाजूच्या बायका जमल्या होत्या. कुणी डोळे पुसत होतं, कुणाला हसू आवरत नव्हतं. शेवटी तुर्कियानं चमचा दिला, वर मूठ भरून मीठ दिलं आणि नेज्माला उचललं. मग मात्र तिचा आवाज उतरला.

"हे बघ हमामा. आता ही माझी. तू तिला हाक मारायची नाहीस. तिनं मारली तर ओ द्यायची नाहीस. अर्धवट करायचं असेल तर आत्ताच घेऊन जा."

"नाही देणार ओ," हमामा म्हणाली.

बोलायला सोपं आहे हो! पोर तापात "आई, आई" करायची आणि हमामा हातभर अंतरावर, चादरीच्या अलीकडे, शालीचं टोक तोंडात कोंबून बसायची. पलीकडून तुर्किया म्हणायची, "ही काय मी. इथेच आहे." ती पाव चावून मऊ करून पोरीला भरवायची आणि आपल्या तिघांना दम द्यायची, "जरा कमी गिळा रे, बहीण आजारी आहे." हमामाला एकेक शब्द ऐकू यायचा. तिला तुर्कियाचे पाय धरावेसे वाटायचे आणि त्याच क्षणी तिचा गळाही दाबावासा वाटायचा.

बाराव्या दिवशी ताप उतरला. तुर्कियाचा धाकटा ह्वातो, चार वर्षांचा, पहारेकऱ्याच्या चालीची नक्कल करत होता, आणि नेज्मा खुदकन हसली. अलीकडे हमामा पोटभर रडली, आवाज न करता. पण पोरीच्या अंगात ताकद येईपर्यंत सौदा मोडून तिला परत घ्यायचं नसतं. म्हणून ती थांबली.

दोन दिवसांनी ह्वातो तापला. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पलीकडून तुर्कियाचा एकच आवाज आला, कुणी पोटात लाथ मारावी तसा. हमामा ताडकन उठली. नेज्मा तर नाही ना? मग कळलं, ह्वातो. आणि खरं सांगायचं तर तिचा जीव भांड्यात पडला. पुढच्याच क्षणाला तिला स्वतःची इतकी किळस आली, की तिनं आपल्याच थोबाडीत मारून घेतली.

बायकांची कुजबुज तर थांबतच नव्हती. "दूत आला होता हमामाच्या पोरीसाठी. ती सापडली नाही. तो काय रिकाम्या हातानं परत जाणार?" हमामालाही तेच वाटत होतं.

दुपारी टेकडीच्या कडेला ह्वातोला पुरलं. म्हाताऱ्या खलाफूबाबांनी दुखवट्याच्या रीतीप्रमाणे घरच्या एकेकाच्या कपड्याचा गळा फाडला. आधी तुर्कियाचा, मग तिच्या दोन मुलांचा. तुर्कियानं नेज्माला पुढे केलं.

"बाबा, ही राहिली."

"अगं, ही तर..." बाबांनी हमामाकडे पाहिलं.

"ही तर काय? मी विकत घेतलीय तिला, चारचौघींसमोर. माझ्या ह्वातोला बहीण नको होय?"

बाबांनी नेज्माच्या झग्याचा गळा टर्रकन फाडला. हमामाच्या काळजात चर्र झालं. नुकती कुठे दुखण्यातून उठलेली पोर, आणि तिच्या अंगावर मरणाची खूण!

परत येताना बायकांनी हमामाला गाठलं. "आजच परत घे तिला. ज्या घरातून लेकरू गेलं ते घर आता काय राखणार दुसऱ्याचं? राहमिना उठून बसलीय. तिला वीक." हमामानं मान डोलावली. यात आता विचार करण्यासारखं उरलंच काय होतं?

संध्याकाळी ऊन असतानाच पाव वाटले गेले, माणशी मूठभर. तुर्कियाच्या घरचे पाव तसेच पडून राहिले. आमच्यात दुखवट्याच्या घरी पहिला घास घरचा चालत नाही, तो दुसऱ्याच्या घरून यावा लागतो. बेनगाझीत अशा वेळी उकडलेल्या अंड्यांची आणि मसुराची पातेली दारात मावत नसत. इथे कोण देणार? कुणी दुष्ट नव्हतं. सगळे उपाशी होते. तिन्ही मुलं त्या पावांकडे बघत बसली होती आणि तुर्किया हात लावू देत नव्हती.

हमामानं आपला पाव उचलला, सगळाच्या सगळा, आणि चादर बाजूला केली. पाव द्यायचा आणि लेक उचलायची, असं तिनं पक्कं ठरवलं होतं.

तुर्किया सात दिवसांच्या दुखवट्याला बसतात तशी अनवाणी, जमिनीवर, भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे. हमामाला पाहताच नेज्मा उठायला गेली, पण आधी तिनं तुर्कियाकडे पाहिलं, उठू का म्हणून.

"माहितीय कशाला आलीस," तुर्किया म्हणाली. "मधे भिंत नाही, बायका बोलतात ते मलाही ऐकू येतं. घेऊन जा तुझी पोर. माझ्याकडे आता कुणी टिकत नाही."

हमामा "बरं" म्हणणार होती. शब्द अगदी ओठांवर आला होता. तिनं खाली बसून पावाचे चार तुकडे केले, पहिला तुर्कियाच्या हातात दिला, मग तीन मुलांच्या.

"खा."

"आणि तू?"

"माझं मी बघते. तू खा."

तुर्कियानं तुकडा धरून ठेवला. "आणि पोर? नेतेस ना?"

हमामानं नेज्माच्या फाटक्या गळ्याकडे पाहिलं. राहमिना पलीकडे उठून बसली होती, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"काहीतरीच काय बोलतेस?" ती म्हणाली. "भाऊ गेलाय तिचा. सात दिवस व्हायच्या आत बहीण घरातून उठते का कुठे?"

सकाळपासून टिपूस न गाळलेल्या तुर्कियानं हंबरडा फोडला. नेज्मा घाबरली आणि तिच्याच गळ्यात पडली. हमामानं ते पाहिलं, पायातल्या चपला काढल्या आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.